दगडाला घातलेली माळ

लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा लवकर सुटली. पण ही गोष्ट सावरदऱ्याची आहे, आणि सावरदऱ्यात जन्मलेल्या माणसाला ती सांगता येऊ नये, हे काही बरं नाही. म्हणून सांगतो. लहानांनी पुढं सरकावं, मोठ्यांनी मागून हुंकार द्यावा.

घाटातून पहिली मोटार चढली त्याच्या फार फार आधी, आमच्या सावरदऱ्यात हैबती नावाचा वैद्य राहत होता. तो रानात शिरला की झाडं आपणहून आपली नावं सांगायची, असं म्हणतात. मोडलेलं हाड तो डोळे मिटून नुसत्या बोटांनी बसवायचा. पण त्याचं खरं नाव झालं ते काविळीच्या माळेमुळं. घाटावरून आणि घाटाखालून माणसं पिवळे डोळे घेऊन यायची आणि हैबतीच्या ओट्यावर बसायची.

ती माळ अशी असायची. पावसाळ्यात बांधाबांधावर घेटुळीचा वेल पसरतो. त्याच्या ओल्या देठाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, एकाच दोऱ्यात एकेक तुकडा फास देऊन बांधायचा, आणि ते कडं रोग्याच्या डोक्यावर ठेवायचं. दिवस जातील तसं कडं वाढत जायचं. डोक्यावरून गळ्यात यायचं, गळ्यातून छातीवर, छातीवरून बेंबीपर्यंत. माळ पायाशी पोचली की कावीळ मातीत गेली, असं सगळे मानत. हैबतीच्या बापानं अशाच माळा घातल्या, आज्यानं घातल्या. आणि नेम असा होता, की माळ पायाशी पोचायच्या आधी कुणी तोडायची नाही. जो तोडेल त्याच्या अंगात ती कावीळ शिरते.

एका वर्षी धोंडू गुराख्याची माळ गुडघ्यापर्यंत उतरली आणि धोंडूच गेला. लोक म्हणाले, माळेनं तिचं काम चोख केलं, धोंडूचं आयुष्यच तोकडं होतं. सगळ्यांना ते पटलं. हैबतीला पटलं नाही. त्याला आठवायला लागलं, की जे बरे झाले त्यांची माळ उतरली होती, आणि जे गेले त्यांचीही उतरली होती. न उतरलेली माळ त्यानं जन्मात बघितली नव्हती.

त्यानं एक माळ करून घरातल्या खुंटीला अडकवली. ती रोज थोडी थोडी लांबत गेली. त्याची बायको ठकी चुलीपाशी बसून बघत होती.

"आवं, खुंटीला कावीळ झाली का काय?"

"झाली नसंल, तर उतरती कशी, तेच बघतोय."

"बघा, बघा. उद्या उंबऱ्याला जुलाब लागले म्हणाल."

मग त्यानं शेळीच्या गळ्यात एक माळ घातली. शेळीनं ती खाल्ली. ठकी तोंडाला पदर लावून हसत बसली. पण हैबती हसला नाही. त्यानं खुंटीवरची माळ काढून उजेडात धरली, आणि त्याला दिसलं ते बापाला नि आज्याला कधी दिसलं नव्हतं. देठ वाळले की बारीक होतात, फास सैल पडतात, आणि त्या फासातला दोरा मोकळा होऊन माळ लांबते. एवढंच.

हे तो गिळून बसला असता तर कुणाला कळलं नसतं. खुंटी घरातली, शेळी मुकी आणि ठकी त्याची. पण त्याच पावसाळ्यात यसूबाईच्या झिमाला कावीळ झाली.

झिमा ही यसूबाईची सून, देवजीची बायको. दिवस भरत आले होते. हैबतीनं तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाला, "यसूबाई, पोटुशीची कावीळ वंगाळ. हिला खाली दवाखान्यात न्या."

यसूबाई गावात वाघीण म्हणून प्रसिद्ध होती. ती म्हणाली, "माझ्या सासूची कावीळ तुझ्या बापानं उतरवली. माझी तू उतरवलीस. आता माझ्याच सुनंच्या टायमाला तुझे हात का गळाले रं, दादा?"

"मी माळ घालतो. पण तू हिला ने."

"माळ घाल म्हंजे झालं."

देवजीनं तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि मिटलं.

हैबतीनं त्या दिवशी एकाच वेलाच्या देठाच्या, एकाच दोऱ्याच्या दोन माळा केल्या. एक झिमाच्या डोक्यावर ठेवली. दुसरी घेऊन तो वेशीवर गेला. तिथं गवताच्या छपराखाली आमचा वीरगळ उभा आहे. गावची गुरं सोडवताना पडलेल्या कुणा वीराचा तो दगड, माणसाएवढा उंच, वर वीर कोरलेला. हैबतीनं दुसरी माळ त्या दगडाच्या डोक्यावर ठेवली.

पाणी भरून येणाऱ्या बायका थांबल्या. "हैबतीदादा, वीराला काय झालं?"

"काय न्हाई झालं. म्हणूनच घातली."

बायका घागरी सावरत हसत गेल्या. वैद्य म्हातारा व्हायला लागला, अशी बातमी त्यांच्याआधी गावात पोचली.

दिवस गेले. माळ झिमाच्या गळ्यात आली, छातीवर आली, पुढं आलेल्या पोटावर टेकली. यसूबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "बेंबीला आली गं, बेंबीला आली." आणि आत झिमानं अन्न सोडलं होतं. अंग हळदीत बुडवल्यासारखं झालं होतं. मग एका दुपारी ती बरळायला लागली. नवऱ्याला ओळखेना. देवजी धावत हैबतीकडं आला.

हैबतीनं तिची पापणी खाली ओढून बघितली. तो यसूबाईला म्हणाला, "माळ उतरली गं. पण डोळ्यांतलं पिवळं उतरलं का? चल माझ्यासंगं वेशीवर. सगळ्यांनीच चला."

अख्खा गाव वेशीवर जमला. वीरगळाची माळही उतरली होती. डोक्यावरून गळ्यात आली होती, गळ्यातून वीराच्या कमरेशी येऊन लोंबत होती. जेवढी झिमाची, तेवढीच दगडाची. हैबतीला वाटलं, आता सांगायची गरजच उरली नाही.

तेवढ्यात रावजी पाटलानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि हात जोडले. "हैबती, काय तुझ्या हाताची ताकद! दगडातल्या वीराचीबी कावीळ उतरवलीस!"

आणि गावात एकच जयजयकार झाला. कुणी नारळ आणायला धावलं, कुणी हळदीकुंकू आणायला.

"आरं रावजी, दगडाला कावीळ कशी हुईल?"

"तेच तर! बिचारा कधीपासून सोसत उभा हुता, आन् आमाला पत्ता न्हाई. तरीच म्हटलं शेंदूर असा पिवळा का दिसतो!"

हैबती कपाळाला हात लावून खाली बसला. सगळ्या जन्माची कमाई त्याच्यापुढं उभी होती आणि त्याचाच गळा धरत होती. लोकांचा त्याच्यावर एवढा विश्वास, की त्याचं खरंसुद्धा त्यांना चमत्कार वाटत होतं. आणि तिकडं झिमाचा जीव चालला होता.

मग तो उठला. असं म्हणतात, तो उठला तेव्हा वीरगळापेक्षा उंच दिसत होता. गर्दी आपोआप बाजूला झाली. तो सरळ यसूबाईच्या घरात गेला, झिमाच्या उशाशी बसला, आणि तिच्या पोटावर टेकलेली माळ त्यानं दोन्ही हातांत धरून ताडकन तोडली. दोरा तुटल्याचा तो आवाज पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्यांनी ऐकला, असं म्हणतात.

बायका किंचाळल्या. यसूबाईनं भिंत धरली. "दादा! मरशील रं!"

हैबतीनं तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारली आणि ती माळ आपल्या गळ्यात घातली. "तुमच्याच नेमानं आता ही कावीळ माझी. हिच्या अंगावर माळ न्हाई, अंगात कावीळ न्हाई. मग हिला खाली न्यायला कुणाची आडकाठी हाय? मी मेलो तर म्हणा माळ खरी हुती. जगलो तर पुढं मी सांगन ते ऐकायचं."

यसूबाईनं भिंत सोडली. तिनं स्वतःची गोधडी काढून दिली. देवजीनं बांबूला झोळी बांधली, आणि पुढच्या टोकाला खांदा द्यायला हैबती स्वतः उभा राहिला.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता. घाटाखालची नदी दोन्ही काठ गिळून चालली होती. पण हैबतीनं पाण्यात पाय टाकला आणि नदीनं त्याच्या कमरेवर पाणी चढू दिलं नाही, असं म्हणतात. झोळीच्या कडेलासुद्धा नदी शिवली नाही. मागून रावजी पाटील पागोटं डोक्यावर घट्ट दाबून पोहत आला, त्याला मात्र नदीनं चांगलं नाकातोंडात पाणी पाजलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी झिमाला आत घेतलं. पुष्कळ दिवस ती मरणाच्या दारात होती. पण ती परतली, आणि तिला मुलगी झाली. त्या मुलीचे नातू-पणतू आज गावात आहेत. ही गोष्ट त्यांच्याच घरातून गावभर झाली.

हैबती मात्र झिमा शुद्धीवर येताच गावात परतला. गळ्यात माळ तशीच. तो रोज सकाळी ओट्यावर उन्हात बसायचा आणि गाव त्याचे डोळे बघायला रांग लावायचा. तो पापणी खाली ओढायचा आणि म्हणायचा, "बघा नीट."

रावजी अगदी नाकाला नाक लावून बघायचा. "जरा पिवळं दिसतंय हां."

"तुझ्या पागोट्याचा रंग पडतोय, रावजी. मागं सरक."

आधीच बेंबीपर्यंत आलेली माळ मांडीवर आली, मांडीवरून गुडघ्यावर. डोळे मोगऱ्याच्या कळीसारखे पांढरे ते पांढरेच. एका संध्याकाळी माळ त्याच्या पायाशी येऊन मातीला लागली, तेव्हा यसूबाईनंच ती उचलली, उजेडात धरली, आणि सैल पडलेला एकेक फास बोटानं चाचपून बघितला. "काड्या वाळल्यात गं नुसत्या," ती बायकांना म्हणाली. वाघिणीनं सांगितलं, मग गावाला पटलं.

दुसऱ्या गावांत मोठमोठे वैद्य होऊन गेले असतील. त्यांनी दुसऱ्याची औषधं खोटी ठरवली असतील. पण ज्या माळेनं नाव दिलं तीच माळ भर गावात तोडून स्वतःच्या गळ्यात घालणारा माणूस फक्त सावरदऱ्यात झाला. आम्ही हे छाती फुगवून सांगतो, आणि का सांगू नये?

अजून दर श्रावणात गाव वीरगळाला घेटुळीची माळ घालतो. ती उतरून दगडाच्या पायाशी आली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी माणसं वेशीवर उन्हात बसतात आणि एकमेकांच्या पापण्या खाली ओढून डोळे बघतात. सासू सुनेचे बघते, सून सासूचे बघते. ज्याचे पिवळे दिसतील त्याला त्याच दिवशी दवाखान्यात धाडतात, आणि त्या दिवशी कुणी आडवं बोलत नाही. गावात कुणी नवं औषध घेऊन आलं, मग तो मुळ्या विकणारा असो की सुटाबुटातला, म्हाताऱ्या त्याला पाणी देतात, गूळ देतात आणि विचारतात, "दगडाला घालून बघितलं का, बाबा?" रागानं नाही विचारत. हैबतीच्या नावानं विचारतात.

आणि खुद्द हैबती? माळ मातीला लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर बसला नाही. त्यानं घरातल्या सगळ्या मुळ्या, साली, पाला एका धोतरात बांधला. ठकीनं भाकरी दिली. तो एकटाच घाट उतरला आणि डॉक्टरीणबाईंच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

"बाई, माळेचं कळलं," तो म्हणाला. "ह्या बाकीच्यातलं खरं काय, खोटं काय, मला ठावं न्हाई."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "बघावं लागेल."

मग तो पायरीवर मांडी घालून बसला आणि त्यानं गाठोडं सोडलं.