कपाटाचं कुलूप

गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष तात्यासाहेब खानविलकर कुलूप घेऊनच आले. कुमारांसाठी निवडलेल्या कादंबऱ्यांचं कपाट बंद होणार म्हणून मुलं हिरमुसली.

"मुलं बिघडतात यांनी!" तात्यासाहेब कपाटातली एक कादंबरी उंचावत गरजले. "या कादंबरीतली मुलगी घरातून पळते, भर वादळात होडी समुद्रात लोटते!"

"मग पुढे?" ग्रंथपाल इंदुमतीबाईंनी विचारलं.

"पुढे दीपगृहाचा दिवा विझतो, होडी खडकावर आदळते आणि..." मुलं जवळ सरकलेली पाहून ते थबकले.

"शेवटपर्यंत वाचलीत?"

"एका बैठकीत! खाली ठेवता येईना."

"मग बिघडलात का?"

"मी? मुळीच नाही!"

"मग मुलंही तुमच्यासारखीच निघतील. भीती कसली?"

मुलं खुदकन हसली. तात्यासाहेबांनी कुलूप खिशात घातलं आणि हळूच विचारलं, "बाई, याच लेखकाची दुसरी आहे का?"