घोळ माशाला पालखी

दोष सरळ राजाचा होता. माडगडच्या भानुप्रतापाला साठीनिमित्त पुण्य हवं होतं, तेही बसल्या जागी. त्यानं हुकूम काढला : कोळ्यांनी खोल दर्यातून साठ घोळ मासे धरावेत, महाराज स्वहस्ते ते पाण्यात सोडून जीवदान देतील.

कोळ्यांनी चाळीस वाव खोलातून मासे ओढले. राजानं आपल्या गलबतावरून एकेक सोडला. साठच्या साठ पोट वर करून तरंगले. पोटं टम्म, डोळे बाहेर. घारींची चंगळ झाली.

"मारून आणलेत तुम्ही," राजा म्हणाला. "उद्या माझ्या हातून एक तरी मासा जिवंत तळाला जाऊ दे. नाहीतर कोळीवाड्याच्या सगळ्या होड्या जप्त."

होड्या गेल्या की चुली गेल्या. मासे का तरंगले, ते म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. घोळाच्या पोटात वाऱ्याची पिशवी असते. खोलातून वर ओढला की ती फुगते, मग मासा बुडूच शकत नाही. त्याच पिशव्या विकून पिकलेली ही डोकी राजापुढं मात्र "मर्जी महाराजांची" म्हणत डोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी धर्मा नाखव्याची पोर गोमी गलबतावर चढली. नुकताच धरलेला, फुगलेला घोळ पाण्यात ठेवून तिनं त्यावर टोपली पालथी घातली. टोपलीच्या काठाला दगड, बुडाला लांब दोरी. दोरी तिनं राजाच्या हातात दिली.

"हे काय थेर?"

"महाराज, गडावरून खाली कसे आलात?"

"पालखीतून."

"भोयांनी तटावरून फेकलं असतं तर?"

"गोमे, जीभ आवर," बाप पुटपुटला.

"काल आवरलीत ना तुम्ही सगळ्यांनी? सोडा दोरी, महाराज. हळू. खालच्या पाण्याच्या भारानं पिशवी आवळेल, मासा आपला आपण पोहत निघेल."

चाळीस वाव दोरी सोडताना राजाला घाम फुटला. वर ओढली तर टोपली रिकामी.

"तो जगला कशावरून?"

"मेलेले कुठं जातात ते काल पाहिलंत. तुमच्याच भोवती गोळा झाले होते."

घटकाभर सगळे पाण्याकडे बघत राहिले. काही वर आलं नाही. राजा पोट धरधरून हसला. "माग पोरी, मागशील ते दिलं."

"हे गलबत."

हसू अर्ध्यावर थांबलं, पण शब्द चारचौघांत गेला होता. भानुप्रतापाला एक मासा एका गलबताला पडला.