एका हाताने उचलायचे खुराडे

पूर्वी उदुंबर नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगरापासून दोन कोसांवरच्या वेळूग्रामात एका बुरुडाच्या घरी जन्मला. मोठा झाल्यावर तो सुपे, टोपल्या, कणग्या विणून पोट भरू लागला. त्याच्या हातांना कधी घाई नसे, आणि जिभेलाही नसे.

त्याच गावात कुसुंभा नावाची म्हातारी राहत होती. तिचा नवरा आणि मुलगा एकाच साथीत गेले होते, आणि पुढे पडण्याचे निमित्त होऊन उजवा हातही कामातून गेला होता. तिला उरल्या होत्या अकरा कोंबड्या. अंड्यांच्या बदल्यात ती धान्य आणी आणि दिवसभर कोंबड्यांशीच बोले. दुसरे कोण होते तिच्याशी बोलायला?

त्या वर्षी पेरणी झाल्यावर कोंबड्या ग्रामभोजकाच्या शेतात शिरल्या आणि त्यांनी जवाचे बी उकरून खाल्ले. ग्रामभोजक म्हणजे गावचा प्रमुख. त्याचे नाव सुधन्वा. माणूस दुष्ट नव्हता, पण जे आपले त्याच्यावर त्याचा जीव जरा जास्तच होता. गावाला वडाखाली जमवून त्याने म्हातारीला बजावले की पौर्णिमेच्या आत कोंबड्यांचा बंदोबस्त झाला नाही, तर त्या मारल्या जातील आणि तिलाही गाव सोडावे लागेल.

कुसुंभेने कोंबड्यांचे पाय बांधून पाहिले, तर दोरीने जखमा झाल्या. झोपडीत कोंडून पाहिले, तर त्यांनी खाणेच टाकले. शेवटी ती बुरुडाकडे गेली आणि मुंगसाच्या दातांना दाद देणार नाही असा भक्कम पिंजरा करून दे, म्हणाली. बोधिसत्त्वाने तिच्या म्हणण्याप्रमाणे जाड बांबूचा, चार हात लांबीचा पिंजरा केला आणि तिच्यापुढे ठेवला.

"आजी, उचला," तो म्हणाला.

तिने डाव्या हाताने जोर लावला. पिंजरा जागचा हलला नाही. कोंबड्या गेल्याच असे वाटून तिचे डोळे भरून आले. बोधिसत्त्व खाली बसला, छताचे दोन बांबू त्याने काढले आणि पुन्हा तिला उचलायला सांगितले. मग त्याने सगळा तळच काढून टाकला. तळाला काय, असे तिने विचारले, तेव्हा तळाला जमीन, रोज नवी, असे तो म्हणाला. कोळ्यांनी टाकून दिलेली मासेमारीची फाटकी जाळी त्याने मागून आणली आणि दुहेरी करून चारही भिंतींच्या खालच्या भागात ताणून बसवली. वर बारीक कामट्या, अर्ध्या छतावर गवत, उरलेले अर्धे उन्हासाठी जाळीचे. सांधे अंबाडीच्या दोरीने बांधले. फुकट मिळाले नाही असे त्यात फार थोडे होते. पण एकेक काठी निघाली की म्हातारी धास्तीने विचारी,

"बाबा, इतके काढलेस तर राहील काय?"

"तुम्हांला पेलेल तेवढे राहील."

सातव्या वेळी खुराडे उचलले गेले. जमिनीपासून चार बोटे वर धरून कुसुंभा तशीच उभी राहिली. ते खाली ठेवायला तिचे मन होईना.

ठेवायला जागा मात्र कोणी देईना. सुधन्व्याने आपली मुरमाड पड दाखवली. तिथे काही उगवत नव्हते, तेव्हा देण्यात जातही काही नव्हते. कुसुंभा रोज सकाळी खुराडे त्याच्या लांबीइतके पुढे नेई आणि कडेने दगड रचून ठेवी. खुराडे उचलले की पुढे चालायचे, हे कोंबड्यांनी चार दिवसांत ओळखले. त्या किडे वेचत, माती उकरत, आणि मागे आपले खत सोडून पुढे जात.

पुढच्या वर्षी त्या पडीवर जव पेरले, तर जिथून खुराडे गेले होते तेवढ्या पट्ट्यात कमरेइतके पीक आले. आता लोक बुरुडाकडे येऊ लागले. जो येई त्याला तो खुराडे करायला शिकवी. सुधन्व्याने त्याला बोलावून घेतले. ही विद्या फक्त माझ्यासाठी राख, मी तुला घर देतो, बैलजोडी देतो, असे तो म्हणाला. बोधिसत्त्वाने नम्रपणे नकार दिला.

तेव्हा सुधन्व्याने म्हातारीचे खुराडेच आपल्या सर्वांत चांगल्या शेतात आणवले आणि चार कोपऱ्यांना खैराच्या खुंट्या ठोकून बांधून टाकले. एका जागी राहिले तर सगळा कस आपल्याच मातीत साठेल, असा त्याचा हिशोब होता. खुंट्या काढील त्याला वेताचे वीस फटके, अशी दवंडीही त्याने पिटवली.

आठ-दहा दिवसांत खुराड्याखाली चिखल झाला. कोंबड्यांचे तुरे फिके पडले, डोळे मिटू लागले. तरी रोज सकाळी त्या वेळ झाली की उठत, पुढच्या कडेला जाऊन ओळीने उभ्या राहत आणि खुराडे उचलले जाण्याची वाट पाहत. कुसुंभेला ते बघवेना. तीन मेल्या त्या दिवशी ती स्वतःच खुंट्या उपटायला निघाली.

वाटेत बोधिसत्त्वाने तिला थांबवले. हे फटके तुमच्या पाठीला सोसायचे नाहीत, असे सांगून तो पुढे झाला. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, त्याने चारही खुंट्या उपटल्या आणि मुकाट्याने पाठ पुढे केली. वेत त्यानेच कधीतरी सोलून दिलेला होता. वीस फटके झाले. कुसुंभा मोठ्याने रडत होती. तो उठून सुधन्व्यापाशी गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"स्वामी, शिक्षा झाली. आता हे एकदा उचला."

आयुष्यात सुधन्व्याने काही उचलले नव्हते. ओझे भारी असणार अशा समजुतीने त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, आणि खुराडे इतक्या सहज वर आले की तो मागे पडता पडता वाचला. आठ कोंबड्या लगेच चालू लागल्या. त्यांच्याबरोबर त्यालाही चालावे लागले. कोरड्या जमिनीवर येताच त्या माती उकरू लागल्या. सुधन्व्याने मागे वळून पाहिले. जिथे सगळा कस साठायचा होता, तिथले गवतसुद्धा साचलेल्या खताने जळून गेले होते.

त्याने खुराडे खाली ठेवले. मग त्याने खाली पाहत विचारले, "वीस फटके कशासाठी खाल्लेस?"

"आठ जिवंत होत्या."

त्या दिवसापासून वेळूग्रामात रीत पडली की घरातल्या सर्वांत अशक्त माणसाने उचलून पाहिल्याखेरीज नवे खुराडे घरी न्यायचे नाही. बोधिसत्त्व दर वर्षी कुसुंभेकडे जाई, "आजी, उचला," म्हणे, आणि तिला ते जड जाते असे दिसले की एक कामटी काढून तिथे बोरूची हलकी काडी बसवी. शेवटच्या वर्षी मात्र काढण्यासारखे काही उरले नव्हते, आणि तिला खुराडे उचलवत नव्हते. तेव्हा सुधन्वा आला आणि दुसरी कड धरून उभा राहिला. ती होती तोवर तो रोज सकाळी येत राहिला.

धम्मिल नावाचा भिक्षू विहारातली मोठी खोली अडवून बसला होता आणि नव्याने आलेल्यांना आत घेत नव्हता. त्याला मागच्या जन्मीची ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "धम्मिला, तो ग्रामभोजक तू होतास. कुसुंभा म्हणजे आज विहारात पाणी भरणारी उपासिका सोणा. त्या आठ कोंबड्या म्हणजे सकाळपासून तुझ्या दाराशी उभे असलेले हे आठ भिक्षू. आणि तो बुरूड मीच होतो. समोरच्याला पेलेल एवढेच उरेपर्यंत त्याचे ओझे काढत जावे, आणि तेही पेलेनासे झाले की दुसरी कड धरावी. हीच करुणा."

धम्मिल उठला आणि त्याने दार उघडले.