हिरडीखालची विद्या

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राज्यांना सीमा होत्या, पण नकाशे नव्हते. अशा एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात लोकांचे दात साफ करून देणारी एक बाई राहत असे. तिचे खरे नाव कोणी घेत नसे. सगळे तिला दातवाली म्हणत.

लहान मुलांना हे काम हसण्यासारखे वाटेल. पण ज्या मोठ्यांची दाढ कधी ठणकली आहे, ते हसणार नाहीत.

त्या राज्यात ही विद्या दोन टप्प्यांत शिकवली जाई. पहिल्या टप्प्यात हिरडीच्या वर जे दिसते ते स्वच्छ करायला शिकवत. तेवढे झाले की हातात दात खरवडायची कोरणी मिळे आणि गावात काम करता येई. दुसऱ्या टप्प्यात हिरडीच्या खाली जे दिसत नाही ते शिकवत. तो पुरा करणाऱ्याला पदवी मिळे, आणि दात बघण्याची व ही विद्या शिकवण्याची दंतशाळा चालवण्याचा मान पदवी असलेल्यालाच असे.

दातवालीने तरुणपणी पहिला टप्पा केला होता. मग संसार आला, सासऱ्यांचे लांबलेले दुखणे आले, आणि दुसरा टप्पा राहून गेला. तिचा हात मात्र चांगला होता. मीठ आणि कोळशाची पूड लावून ती दात असे घासे की काम झाल्यावर पितळी आरसा समोर धरला की माणूस स्वतःलाच हसून दाखवी.

तिच्याच गल्लीत एक फुलारीण राहत असे. दोघींची जुनी मैत्री. फुलारणीच्या हिरड्यांतून रक्त येई.

“अगं, आज पुन्हा आलं,” ती म्हणे.

“येऊ दे. खराब रक्त आहे, ते बाहेर गेलेलंच बरं,” दातवाली सांगे आणि आणखी जोर लावून घासे. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिला तसे वाटले होते, आणि पुष्कळ वर्षे सांगून सांगून ते तिला खरे झाले होते.

एके वर्षी दरबारातून निरोप आला की गावात दंतशाळा काढायची आहे, पण चालवणारी व्यक्ती पदवीची हवी. दातवालीने ठरवले, राहिलेला टप्पा पुरा करायचा.

“या वयात पोरीबाळींत बसणार?” गल्लीतल्या बायका म्हणाल्या.

फुलारीण म्हणाली, “बसू दे की. ह्यांना जळायला दुसरं काही नाही. तू जा. मोठी होऊन आलीस की माझ्याकडे बघून ओळख दाखव म्हणजे झालं.”

विद्यालय डोंगराच्या माथ्यावर होते. तिथल्या मुली दातवालीच्या लेकीच्या वयाच्या.

“मावशी, तुम्ही पुढे बसा,” एक जण म्हणाली. “तुमचे गुडघे वाजले की तास संपल्याचं आम्हाला आधी कळतं, बाईंना नंतर.”

दातवालीही हसली. पण या पोरींना एकदा दाखवून द्यायचे, असे तिने मनात धरले.

संधी लवकर मिळाली. हिवाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्य शिक्षिकेने, विचारले, “हिरडीतून रक्त आलं तर काय करायचं?”

दातवाली मोठ्याने म्हणाली, “येऊ द्यायचं. खराब रक्त असतं ते.”

कोणीतरी फिसकन हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

“रक्त येतं म्हणजे हिरडी आजारी आहे,” त्या म्हणाल्या. “दाताचं किटण खाली, मुळापाशी उतरलेलं असतं. वरून जोर लावाल तर दात चकचकीत दिसेल आणि खालून सुटत जाईल. हलक्या हाताने खालचं किटण काढलं तर तो वाचतो. पण वेळेत काढलं तरच. ते खराब रक्ताचं तुम्ही कोणाला सांगितलं होतं का, बाई?”

दातवालीचे कान तापले. तिला फुलारीण आठवली. तिच्यामागे गावातली आणखी कितीतरी उघडी तोंडे आठवली.

“नाही,” ती म्हणाली. “नुसतं ऐकलं होतं कुठेतरी.”

“सांगितलं असतं, तर चूक सुधारून यायला आजच सुट्टी दिली असती. सकाळी निघालं की दुपारी गावात.”

त्यानंतर मोठ्या बाईंनी तो विषय काढला नाही.

त्या दिवसापासून दातवाली फार अभ्यास करू लागली. मुली झोपल्या तरी ती वाचत बसे. सगळ्यांना वाटे, काय ही जिद्द. खरे तर तिला स्वस्थ बसवत नव्हते. आज खाली गेले तर काय म्हणायचे? इतकी वर्षे चुकले, असे? अर्धवट शिकलेल्या बाईचे कोण ऐकेल? पदवी घेऊन जाईन. मग मी नीट समजावून सांगेन, लोक मानाने ऐकतील. चुकीची लाजही त्या मानाखाली झाकली जाईल.

शेवटचे वाक्य ती मनातही पुरते बोलत नसे.

सणाला ती घरी गेली नाही. अभ्यास आहे, असा निरोप पाठवला. फुलारणीने उलट निरोप धाडला, “अभ्यास कर. माझा एक दात हलतोय, तू आलीस की बघ.” तो ऐकून दातवालीने गाठोडे बांधले आणि सकाळी पुन्हा सोडले.

वर्ष-दोन वर्षांनी पदवीच्या परीक्षेत ती पहिली आली. थट्टा करणाऱ्या मुलींनीच तिच्या खांद्यावर शाल घातली. गावाने वेशीवर वाजंत्री लावली. दंतशाळेच्या दारात फुलारीण हार घेऊन उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता.

“काय झालं?” दातवालीने विचारले.

फुलारणीने पदर काढला. पुढचे दात नव्हते. गाल आत गेले होते. तिचे बोलणे ओळखू येत नव्हते, इतके बदलले होते.

“गेले,” ती म्हणाली. “एकेक करून. तुझी वाट बघितली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.”

दातवालीला वाजंत्री ऐकू येईना.

“ते रक्त खराब नव्हतं,” ती म्हणाली. “मी चुकीचं सांगत होते.”

“तुला तेव्हा ठाऊक नव्हतं ना. जाऊ दे.”

इथे ती गप्प बसू शकली असती. मैत्रिणीने सुटकेचे दार उघडून दिले होते. पण तिच्याने ते झाले नाही.

“पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं.”

फुलारणीने विचारले, “तेव्हा आली असतीस तर?”

“वाचले असते.”

“मग आली का नाहीस?”

“लाज वाटली.”

फुलारणीने हार पायरीवर ठेवला, पदर पुन्हा तोंडावर घेतला आणि ती घरी गेली.

दातवालीने शाल उतरवली. दंतशाळेचे दार त्या दिवशी उघडले नाही. ती घरोघर गेली आणि प्रत्येक उंबऱ्याशी तेच बोलली, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. तोंड दाखवा, अजून वेळ असेल तर वाचवते.” काहींनी दार लावून घेतले. काहींनी तिला ऐकवायचे ते ऐकवले आणि मग तोंड उघडले. त्यांतल्या बऱ्याच जणांचे दात टिकले.

पुढे ती दंतशाळा नावारूपाला आली. दूरदूरच्या मुली तिथे शिकल्या. फुलारीण मात्र त्या पायरीवर पुन्हा चढली नाही. रस्त्यात दोघी भेटत, दातवाली थांबे, आणि फुलारीण पदर सावरून पुढे जाई.

बोध: नवे शिकल्यावर आपली जुनी चूक कळली, तर ती लगेच सांगावी; लाज झाकण्यात गेलेला वेळ कोणतीही पदवी परत आणून देत नाही.