रंगाऱ्याच्या घरचा ज्वर

पूर्वी कांपिल्य नगरात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मले होते. वडिलांमागे तेच दरबाराचे वैद्य झाले.

त्या राजाचा धाकटा भाऊ भांगेच्या तारेत गच्चीवरून पडून मेला. राजाने दवंडी पिटवली: भांग विकेल किंवा खाईल त्याला घरदार सोडून नगराबाहेर जावे लागेल, आणि वैद्याला असा रोगी आढळला तर त्याने ते घर दाखवून द्यायचे. याला तीन वर्षे झाली. कोतवाल दर पंधरवड्याला येऊन सांगे, "महाराज, नगरात भांग औषधालाही उरली नाही."

एके सकाळी तिष्या नावाची बाई धापा टाकत बोधिसत्त्वांच्या दारात आली.

"वैद्यबुवा, चला लवकर. आमच्या शेजारचा नंदक रंगारी. त्याची बायको खेमा म्हणते, ज्वर आहे. मी आपलं सहज भिंतीवरून पाहिलं, तर हा रांजणाशी गप्पा मारत हसतोय! ज्वरात माणूस असा हसतो का हो?"

बोधिसत्त्व गेले. नंदकाची जीभ लाकडासारखी कोरडी होती, डोळ्यांच्या बाहुल्या फाकल्या होत्या. खेमा त्याला चिंचेचे पाणी पाजत होती.

"ज्वराला चिंचेचं पाणी कोणी देत नाही, बाई," ते म्हणाले. "भांग उतरवायला देतात. पण ही नुसती भांग दिसत नाही. उरलेली गोळी दाखव."

"कसली गोळी?"

"अगं बये, दाखव की!" तिष्या म्हणाली. "नवरा गेल्यावर घराला काय मिठी मारून बसणार आहेस?"

खेमेचा हात अंबाड्याकडे गेला आणि थांबला. दाखवावी तर घर जाणार, न दाखवावी तर नवरा. शेवटी तिने अंबाडा सोडून गोळी काढून दिली.

बोराएवढी गोळी फोडली, तर आत विषारी धोतऱ्याचे बी निघाले. बोधिसत्त्वांनी ओकारीचे औषध दिले आणि दिवसभर उशाशी बसून राहिले. दिवस कलला तेव्हा कुठे नंदकाने बायकोला ओळखले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दरबारात आपण होऊन सांगितले, "महाराज, असा एक रोगी मला आढळला. घर मी सांगणार नाही."

सेनापती गरजला, "हा शिक्षा सौम्य असल्याचा परिणाम! हात तोडा एकेकाचे."

नगरशेठ म्हणाला, "त्यापेक्षा चौकाचौकात दुकानं मांडू द्यावी. जकातही मिळेल."

"आणि दुकान चालायला गिऱ्हाईक रोज वाढायला हवं, नाही का शेठजी?" बोधिसत्त्व म्हणाले. "महाराज, पूर्वी भांग घाटावर उघड वाटत, दहा डोळे पाट्याकडे असत, भलतंसलतं काही मिसळता येत नसे. आता ती लपवायची, म्हणून गोळी लहान झाली. लहान गोळीत तेवढीच तार आणायला धोतरा घालतात. विकणाऱ्याला धरा. खाणाऱ्याला माझ्या दारात निर्धास्त येऊ द्या."

"माझा भाऊ गेला, आणि तू मला हे सांगतोस? शिक्षा तुला होईल."

"होऊ द्या. पण आज अशाच आणखी तीन घरी जायचं आहे. तेवढं करून येतो."

"तीन?" राजाने कोतवालाकडे पाहिले. कोतवाल खाली बघू लागला.

राजा साधे उपरणे पांघरून वैद्यामागून निघाला. पहिल्याच घरी एक म्हातारी दार अडवून उभी. "काही नाही हो, पित्त आहे नुसतं. सवयीचंच आहे."

राजा उंबऱ्याबाहेरच थांबला. वैद्य बाहेर आले तेव्हा म्हणाला, "वैद्यराज, भावाची नाडी पाहायला तुम्ही यायचात. तो भांगेत बुडालाय हे मला दोन वर्षं ठाऊक होतं. लाजेपायी मी तुम्हाला पित्तच सांगत होतो."

"आणि मी पित्ताचंच औषध देत होतो, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले.

नवी दवंडी पिटली. विकणाऱ्याला शिक्षा कायम राहिली. खाणाऱ्याला वैद्यशाळेत अभय मिळाले. ज्याची सवय एकदम सुटत नसे त्याला तिथेच, डोळ्यांदेखत, रोज थोडी कमी मात्रा देत. भांग नगरातून गेली असे नाही. कोणी सुटले, कोणी नाही सुटले. पण ज्वर म्हणून सांगून माणसे मरायची थांबली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. खेमा म्हणजे काल आपला दोष सभेत स्वतः सांगणारी भिक्षुणी. तिष्या आजही श्रावस्तीत कोणाच्या तरी शेजारीच राहते. आणि तो वैद्य मीच होतो." अशी ही प्रज्ञेने डोळस झालेल्या करुणेची कथा.