टिंबीला हवी टोपली

वसईला एक वाडी होती. वाडीत फिलूमावशीचं घर होतं. घरामागच्या अंगणात टिंबी राहायची.

टिंबी म्हणजे एक छोटीशी बदकी. पांढरी पांढरी, चोच पिवळी.

एकदा काय झालं, टिंबीचं पोट जड झालं. दाणा नको, गवत नको, पाण्यात पोहणंसुद्धा नको. पंख ढिले पडले. शेपूट सारखी खाली-वर, खाली-वर.

"अंडं आलंय वाटतं," टिंबी म्हणाली. "माझं पहिलंच."

अंडं घालायला तिची टोपली होती. मऊ मऊ पेंढ्याची. टिंबी टोपलीपाशी गेली. बघते तर काय, टोपलीत बोका!

"बोक्या, बोक्या, टोपली सोड.
टोपलीत मी बसेन.
पोट माझं जड जड,
बसवत नाही, चालवत नाही धड."

बोक्यानं एक डोळा उघडला. "सोडतो की," तो म्हणाला. "पण मला भूक लागलीय. आधी माशाचं डोकं आण, मग सोडतो."

निघाली टिंबी. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. आली फिलूमावशीकडे.

"मावशी, मावशी, डोकं दे.
बोका टोपली सोडेल,
टोपलीत मी बसेन.
पोट माझं जड जड,
बसवत नाही, चालवत नाही धड."

"देते की," मावशी म्हणाली. "पण घरात नारळ नाही. नारळ नाही तर वाटण नाही. वाटण नाही तर मासा कशाला कापू? आधी नारळ आण, मग देते."

निघाली टिंबी. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. आली माडाकडे.

"माडा, माडा, नारळ टाक.
मावशी डोकं देईल,
बोका टोपली सोडेल,
टोपलीत मी बसेन.
पोट माझं जड जड,
बसवत नाही, चालवत नाही धड."

"टाकतो की," माड वरून म्हणाला. "पण मुळं सुकलीत माझी. आधी पाणी आण, मग टाकतो."

निघाली टिंबी. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. वाटेत थांबली, दम खाल्ला. आली विहिरीवरच्या पंपाकडे.

"पंपा, पंपा, पाणी सोड.
माड नारळ टाकेल,
मावशी डोकं देईल,
बोका टोपली सोडेल,
टोपलीत मी बसेन.
पोट माझं जड जड,
बसवत नाही, चालवत नाही धड."

"सोडतो की," पंप म्हणाला. "पण माझं बटण मला दाबता येतं का? आधी पास्कूकाकांना आण, मग सोडतो."

पास्कूकाका म्हणजे फिलूमावशीचा नवरा. ते आंब्याखाली खाटेवर झोपले होते. घुर्रर्र घुर्रर्र.

निघाली टिंबी. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. आली खाटेपाशी.

"काका, काका, बटण दाबा.
पंप पाणी सोडेल,
माड नारळ टाकेल,
मावशी डोकं देईल,
बोका टोपली सोडेल,
टोपलीत मी बसेन.
पोट माझं जड जड,
बसवत नाही, चालवत नाही धड."

"दाबतो की," काका झोपेतच म्हणाले. "पण कोंबडा आरवल्याशिवाय मी उठत नाही." आणि कूस बदलली. घुर्रर्र घुर्रर्र.

बघा हं, 'नाही' कुणीच म्हणालं नाही. सगळे 'हो' म्हणाले. आणि सगळे जागच्या जागीच राहिले. चालली फक्त टिंबी.

डुलुक... डुलुक... डुलुक... आली कुंपणाच्या भिंतीपाशी. भिंतीवर कोंबडा.

"कोंबड्या, कोंबड्या, बांग दे.
काका बटण दाबतील,
पंप पाणी सोडेल,
माड नारळ टाकेल,
मावशी डोकं देईल,
बोका टोपली सोडेल,
टोपलीत मी बसेन.
पोट माझं जड जड,
बसवत नाही, चालवत नाही धड."

"देतो की," कोंबडा म्हणाला. "पण भरदुपारी उगाच कशाला आरवू? लोक हसतील. अंगणात नवं अंडं आलं, तर गोष्ट वेगळी. आधी अंडं आण, मग देतो."

टिंबी बघतच राहिली. अंड्यासाठी टोपली हवी. आणि टोपलीसाठी अंडं?

तिला खूप काही बोलायचं होतं. पण पोटात कळ आली. पाय वाकले. भिंतीखाली केळीचा पाचोळा होता. टिंबी त्यातच बसली.

डोळे मिटले. शेपूट उचलली. एकदा कण्हली. परत एकदा कण्हली.

आणि मग... टप्प.

टिंबीनं मागे वळून पाहिलं. अंडं! गोल गोल, गरम गरम, थोडंसं हिरवट. टिंबीनं त्याला हळूच चोच लावली. ते खरंच तिचं होतं.

कोंबड्यानं अंडं पाहिलं. छाती पुढे काढली. जणू त्यानंच घातलं. कुकूच्कू! कुकूच्कू!

काका उठले. "उजाडलं वाटतं," म्हणाले. बटण दाबलं, खट्ट.
पंपानं पाणी सोडलं, भळाभळा.
माड पाणी प्याला, गटागटा. त्यानं नारळ टाकला, धप्प.
मावशीनं नारळ खवला, खर्र खर्र. मासा कापला. डोकं टाकलं.
बोक्यानं टोपली सोडली, टुणकन.

डोकं खाऊन बोका टिंबीकडे आला. मिशा चाटत म्हणाला, "जा, टोपली तुझी. आता सावकाश अंडं घाल."

"घातलं," टिंबी म्हणाली.

सगळे पाचोळ्यापाशी जमले.

"मी बांग दिली म्हणून हं," कोंबडा म्हणाला.
"मी बटण दाबलं म्हणून," काका म्हणाले.
"मी पाणी सोडलं म्हणून," पंप विहिरीवरून म्हणाला.
"मी नारळ टाकला म्हणून," माड वरून म्हणाला.
"मी टोपली सोडली म्हणून," बोका म्हणाला.

फिलूमावशी मात्र खाली वाकली. तिनं अंडं उचललं, टोपलीत ठेवलं. मग टिंबीला उचललं, टोपलीत ठेवलं. पाठीवरून हात फिरवला. "दमलीस गं बाय," म्हणाली.

टिंबीनं अंडं पोटाखाली घेतलं. पेंढा मऊ होता. पोट हलकं हलकं होतं.

टोपली भरली, गोष्ट सरली.