गेनू वायरमन आणि मिलिटरीचा ट्रक

खैरमाळ नावाच्या गावात गेनू वाबळे नावाचा एक भोळा वायरमन राहायचा. भोळा हा शब्द मी त्याच्या बहिणीला घाबरून वापरतोय. आमच्या खालच्या गावात त्याच्यासाठी दुसरा शब्द आहे, पण समोर पोरंटोरं बसलीत, तेव्हा भोळाच म्हणू.

गेनूला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेवढंच करायचा. आणि एकदा शिकवलेलं कधी विसरायचा नाही, हीच खरी पंचाईत होती.

खैरमाळ डोंगराच्या माथ्यावर. हवा झकास, पाणी शून्य. घाट इतका खडा की साधा टँकर तिसऱ्या वळणावर धापा टाकायचा आणि मागे फिरायचा. मग बाया रिकामे हंडे घेऊन घाट उतरायच्या, आमच्या विहिरीवर यायच्या आणि भरले हंडे डोक्यावर घेऊन परत चढायच्या. त्यांत हौसामावशी सगळ्यांत म्हातारी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हा घाट चढतेय. गुडघे कधीच कामातून गेले होते, पण घरात पाणी तर लागतंच.

यावर सरपंच सर्जेराव ठुब्यांनी तोड काढली. मिलिटरीच्या लिलावातून एक जुना डिझेल ट्रक आणला. हिरवागार, हत्तीएवढा, सहाही चाकांनी ओढणारा. त्याच्या पाठीवर टाकी बसवायची आणि घाट चढून पाणी थेट गावात आणायचं. हौसामावशीनं ट्रकला हळदकुंकू लावलं आणि पदरानं डोळे पुसले.

"आता मरेपर्यंत घाट उतरायची नाही बाई मी," ती म्हणाली.

ट्रक दणकट होता. भानगड होती ती वायरींची. मिलिटरीनं आपली वायरिंग केलेली. त्यावर कुण्या जवानानं पंख्यासाठी वायर ओढलेली. दुसऱ्यानं रेडिओसाठी. तिसऱ्यानं कशासाठी ओढली ते त्यालाही आठवत नसेल. दिवा लावला की हॉर्न वाजायचा आणि हॉर्न दाबला की वायपर हलायचा.

हे सगळं निस्तरायला सरपंचांनी गेनूला नेमलं. का? तर तो त्यांचा मेहुणा. बाहेरचा वायरमन आणला असता तर घरात चूल पेटली नसती. तरी थोडी धाकधूक होती, म्हणून गेनूला सांगायला-सवरायला तालुक्याहून रज्जाकमिस्त्रींना बोलावलं. रज्जाकमिस्त्री म्हणजे गाड्यांचा डॉक्टर. माणूस चांगला, फक्त डोकं गरम.

मिस्त्रींनी डॅशबोर्डाखाली वाकून बघितलं.

"या अल्ला! या वायरी आहेत का शेवया? गेनू, ज्या वायरीचं काम कळत नाही ती काढून टाक. मी जेवून आलोच."

"आलं ध्यानात, मिस्त्री."

मिस्त्री जेवून आले. बघतात तर ट्रकशेजारी वायरींचा ढीग, कमरेएवढा. ट्रकात एक धागा शिल्लक नाही.

"अरे, सगळ्याच काढल्या?"

"मला एकीचंही काम कळलं नाही, मिस्त्री."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, काढलेलं जिथलं तिथं, जसं होतं तसं परत लावता आलं पाहिजे! एवढं तरी शिक!"

"आलं ध्यानात."

मिस्त्री स्वतः बसले. पाठ मोडेपर्यंत काम करून सगळी वायरिंग नवी ओढली. नवे फ्यूज, नवे बल्ब. दिवा लावला की दिवाच लागायला लागला. जुनं भंगार एका पोत्यात भरून गाडीखाली टाकलं आणि मिस्त्री सरपंचांच्या ओसरीवर जाऊन आडवे झाले.

उठून येतात तर गेनू घामाघूम. मिस्त्रींच्या नव्या वायरी बाहेर, पोत्यातल्या जुन्या आत. जळका फ्यूज जागेवर, फुटका बल्ब जागेवर. एवढंच नाही, डॅशबोर्डामागे उंदराचं घरटं होतं, तेही जागच्या जागी. आत उंदीरसुद्धा.

"हे काय केलंस रे?"

"जिथलं तिथं, जसं होतं तसं. उंदराला पकडताना मात्र नाकीनऊ आले, मिस्त्री."

मिस्त्रींचा आवाज चिरकला. "अरे गधड्या, जळकं, काळं पडलेलं काढून फेकायचं असतं! आणि आणखी एक ऐक. गाडी अंगावर आली, काही गडबड झाली, तर आधी बॅटरी सोडवायची. बॅटरी सुटली की सगळं थंड. समजलं?"

"आलं ध्यानात. जळकं फेकायचं. गडबड झाली की बॅटरी सोडवायची."

मिस्त्रींनी पुन्हा सगळी वायरिंग नवी केली. कसली माती खाल्ली आणि इथं आलो, असं पुटपुटत केली, पण केली. मग ते घाम पुसत चहाला गेले.

गेनूनं ट्रकाभोवती एक चक्कर मारली. जळकं, काळं पडलेलं काय आहे? सापडलं. ट्रकाच्या पोटाखालचा सायलेन्सर! धूर पिऊन पिऊन पार कोळसा झालेला. गेनूनं घण घेतला, पाना घेतला आणि सायलेन्सर नळीसकट उपटून उकिरड्यावर फेकला. हात झटकले. मनात म्हणाला, मिस्त्री बघून खूश होतील.

तेवढ्यात सरपंच आले. चावी फिरवायची त्यांना भारी हौस. त्यांनी ट्रक सुरू केला.

काय सांगू तुम्हाला! धडाड धडाड धडाड! म्हशींनी दावी तोडली. शाळा आपोआप सुटली. पाटलांच्या घरचे बहिरे आजोबा बाजेवरून उठले आणि म्हणाले, "कोण आलंय रे?"

"बंद कर, गेनू!" सरपंच खिडकीतून बाहेर पडत ओरडले. दार उघडायचंही त्यांना सुचलं नाही.

गडबड झाली होती. गेनूला बरोबर आठवलं. त्यानं पान्यानं बॅटरी सोडवली. मिलिटरीच्या ट्रकाला बॅटऱ्या दोन असतात, म्हणून दुसरीही सोडवली. दोन्ही उचलून चिखलात ठेवल्या. ट्रक चालूच. धडाड धडाड!

गेनू विचारात पडला. बॅटरी नाही तरी चालतोय, म्हणजे तिसरी बॅटरी आहे. शेजारी सरपंचांची मोटारसायकल उभी होती. तिची बॅटरी सोडवली. ट्रक चालूच. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. गाडीत वीज नाही म्हणजे ती गावातून येतेय! तो पळत डीपीकडे गेला आणि खटका खाली ओढला. गिरणी बंद, पंखे बंद, पतपेढीचा कॉम्प्युटर बंद, अख्खं गाव बंद. ट्रक चालूच.

आता गाव घाबरलं. हे काही यंत्राचं काम नाही, लढाईत मेलेल्या कुणा शिपायाचा आत्मा आत बसलाय, असं ठरलं. कुणी ठरवलं? पदवीधर सरपंचांनी. त्यांनी लिंबू-मिरच्या मागवल्या आणि स्वतःच्या हातानं ट्रकावरून उतरवून टाकल्या. मग ट्रकासमोर हात जोडून उभे राहिले.

रज्जाकमिस्त्री चहाची बशी हातात घेऊनच पळत आले. आत हात घालून एक दांडी ओढली. ट्रक गप्प झाला.

"डिझेलचं इंजिन आहे, सरपंच," ते दमून म्हणाले. "एकदा सुरू झालं की बॅटरीला विचारत नाही. डिझेल तोडलं की थांबतं. त्याला लिंबू नाही लागत."

सरपंचांनी लिंबू खिशात टाकलं.

मिस्त्रींनी उकिरड्यावरून सायलेन्सर आणला, बसवला, गेनूकडे बघितलंही नाही. फक्त चिखलातल्या बॅटऱ्यांकडे बोट केलं. "ही घाण काढ. मगच बॅटऱ्या गाडीत ठेवू."

गेनूनं घाण काढली. सरपंचांच्या न्हाणीत पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप होतं. गाव कोरडं असलं तरी सरपंचांचं पिंप भरलेलं असतं, ते कसं हे कुणी विचारत नाही. गेनूनं त्यात साबण कालवला आणि दोन्ही बॅटऱ्या बुडवल्या. वायरींचे तुकडे अजून लोंबत होते. पिंपातून बुडबुडे आले, मग वास आला, मग सरपंचीणबाई आल्या.

मिस्त्रींनी बॅटऱ्या बाहेर काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेनू, माझ्या बाळा," ते हात जोडून म्हणाले, "वीज आणि पाणी एका जागी ठेवू नये. कधीच ठेवू नये. जिथं बॅटरी, तिथं पाणी दिसलं की आधी पाणी काढून टाक. मला विचारायलासुद्धा थांबू नकोस."

"आलं ध्यानात, मिस्त्री," गेनू म्हणाला. यावेळी त्यानं कानाला हात लावून सांगितलं.

मिस्त्रींनी बॅटऱ्या बदलल्या, ट्रकावर टाकी चढवली, बॅटऱ्या तिच्याखालच्या पेटीत बसवल्या, ट्रक तपासला, दोनदा तपासला आणि मिळेल त्या गाडीनं तालुक्याला पळाले. चहासुद्धा घेतला नाही.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. सुदाम ड्रायव्हर ट्रक घेऊन घाट उतरला. शेजारी गेनू, वायरींवर लक्ष ठेवायला. आमच्या विहिरीवर टाकी भरली, पाच हजार लिटर. आम्ही सगळे बघायला उभे होतो.

घाटाच्या पायथ्याशी म्हसोबा आहे. भरली गाडी घेऊन घाट चढायचा तर आधी त्याला नारळ द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. सुदामनं ट्रक पहिल्या वळणाच्या अलीकडे चढावर लावला, चाकाखाली दगडाची उटी दिली आणि नारळ घेऊन म्हसोबाकडे गेला. तिथं पुजारी भेटला. पुजाऱ्याकडे तंबाखू होती.

गेनू खाली उतरला. पेटी उघडली. आत दोन बॅटऱ्या. मान वर केली. वर टाकी. टाकीला त्यानं कान लावला.

त्याच्या अंगावर काटाच आला.

अर्ध्या तासानं सुदाम आला आणि ट्रक निघाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं आलं. जिथं सगळे टँकर हरले, तिथं हा ट्रक शिट्टी मारत गेला.

"काय ताकद आहे मिलिटरीच्या गाडीत!" सुदाम ओरडला. "भरली आहे असं वाटतच नाही!"

"बरोबर," गेनू म्हणाला.

इकडे खाली आमच्या कोरड्या ओढ्यात म्हशी डुंबायला लागल्या होत्या. आम्हाला वाटलं, म्हसोबा पावला.

वर गावात मांडव घातला होता, ताशा होता. बाया पहाटेपासून हंडे लावून उभ्या होत्या. सरपंचांनी पाणी या विषयावर इतकं लांब भाषण केलं की ऐकणाऱ्यांच्या घशाला कोरड पडली. मग ते म्हणाले, "पहिला हंडा हौसामावशीचा!" टाळ्या झाल्या. हौसामावशी नवं लुगडं नेसून लंगडत पुढे आली. तिनं घासून लख्ख केलेला हंडा नळाखाली धरला. सरपंचांनी चावी फिरवली.

फुस्स.

आणखी फिरवली. एक थेंब आला. हंड्यात टप्प वाजला.

"गेनू," सरपंच हळूच म्हणाले, "पाणी कुठंय?"

"घाटात सोडलं, दाजी." गेनूची छाती फुगली होती. "खाली दोन बॅटऱ्या आणि वर पाच हजार लिटर पाणी! तुम्ही लोक पार विसरला होता. मी कुणाला विचारायलाही थांबलो नाही. आता बिनघोर हात लावा, गाडी खडखडीत कोरडी आहे."

ताशा तेवढा एकदा चुकून वाजला.

हौसामावशीनं हंड्यातला तो एक थेंब बघितला. मग पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा ठेवला आणि घाटाकडे चालायला लागली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या बाया निघाल्या.

गेनूला तिची खरंच काळजी वाटली. तो मांडवातून धावत बाहेर आला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला,

"मावशी, सांभाळून उतर गं! घाटात पाणीच पाणी झालंय, पाय घसरेल!"